क्रुयाच्या बाजारात एका शून्यापायी 36,000 लेक गेले

आधी आकडा सांगते. 36,000 लेक (लेक हे अल्बानियाचं चलन), म्हणजे साधारण 360 युरो. सहलीचे माणशी 45 प्रमाणे चौघांचे 180 युरो रोख दिले ते वेगळेच.

आम्ही म्युनिकला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आले होते आणि बाबांना किल्ला म्हटलं की तहानभूक आठवत नाही. म्हणून अल्बानियात राजधानी तिरानाहून क्रुया गावाची एक दिवसाची सहल घेतली, गाईडसकट. डोंगरावरचा, अल्बानियाचा राष्ट्रवीर स्कंदरबेग याचा किल्ला. 1443 मध्ये त्याने तो तुर्कांकडून घेतला आणि 1468 मध्ये मरेपर्यंत त्यांना परत मिळू दिला नाही. गाईड रंगवून सांगत होता, बाबा त्याला रायगड, प्रतापगड सांगत होते. तासाभरात तो घरचाच झाला.

किल्ल्याजवळच्या जुन्या बाजारात मी फ्रिजवर लावायचं एक मॅग्नेट घेतलं. म्हातारा दुकानदार 'थाउजंड' म्हणाला. मी हजाराची नोट दिली, त्याने 900 परत केले. मी थबकले. विचारणार तेवढ्यात गाईड म्हणाला, "पाहुण्यांना सूट दिली त्याने." हजारावर नऊशेची सूट कोण देतं? तिथेच कळायला हवं होतं. मी दिवसभर हिशेबाचंच काम करते, आणि ते 900 पर्समध्ये टाकून पुढे चालू लागले. अजून रात्री त्या आठवणीने जाग येते.

अल्बानियात 1965 मध्ये चलनातलं एक शून्य काढलं. जुने 10 लेक म्हणजे नवा 1. पण बोलताना कितीतरी लोक अजून जुनाच आकडा सांगतात. हजार म्हणाले तरी द्यायचे शंभर. जाणाऱ्यांनी आकडा मोबाईलवर लिहून घ्या आणि 'नवे की जुने' हे दरवेळी विचारा.

पुढच्या दुकानात आईंना लाल-काळा विणलेला किलीम, म्हणजे सतरंजीसारखा गालिचा, आवडला. दुकानदार बाई काहीतरी बोलली, गाईडने सांगितलं, 'चाळीस हजार'. तिने चार बोटं दाखवली होती. मला दिसली होती ती! चाळीसमधला चार, असं मी धरून चालले. इथे कार्ड चालत नाही, पैसे माझ्याकडे द्या, मी भाव पाडतो, असं तो म्हणाला. एटीएममधून 5,000 च्या आठ नोटा काढल्या. त्या नोटेवर एका बाजूला स्कंदरबेग, दुसऱ्या बाजूला हाच किल्ला. त्याने गल्लीतच मोजून घेतल्या आणि एकटा आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, बाई एक लेकही कमी करायला तयार नाही. पैसे दुकानदाराच्याच हातात द्या, मध्ये कोणी नको. छापील पावती नसेल तर वस्तू तिथेच ठेवा.

हॉटेलवर घडी उलगडली तर आतल्या बाजूला चिठ्ठी: 4,000. जुन्या-नव्याचा घोळ काउंटरवरच्या मुलीने तेव्हा समजावला. कोणी म्हणेल, एवढं कळलं नाही? हाताने विणलेल्या किलीमला 400 युरो मला अशक्य वाटले नाहीत, जर्मनीत याहून महाग पाहिलेत.

तिरानाच्या पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं. "पैसे स्वतःच्या हाताने दिलेत ना?" हे तीनदा विचारलं, जसं काही गुन्हा मीच केला. मग म्हणाले, घडलं क्रुयात, तिकडे जा. टॅक्सीला 50 युरो घालून गेलो. तिथले म्हणाले, गाईड तिरानाचा, तक्रार तिकडे करा. बाबा 71 वर्षांचे, बाकावर बसून होते, त्यांना कोणी पाणीही विचारलं नाही. एक ओळ लिहून द्या म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सहलवाले म्हणतात, तो आमचा माणूस नाही, त्या दिवसापुरता घेतला होता. बँक म्हणते, पिन तुमचा, पैसे तुम्ही काढलेत. सहलीचे पैसे आगाऊ रोख देऊ नका, कार्डाने दिले असते तर निदान त्या 180 साठी भांडता आलं असतं.

क्रुयाला जरूर जा, तिरानाहून मिनीबस जातात. त्या बाईने भाव खराच सांगितला होता. सहलवाल्यांना मी चार मेल पाठवले, उत्तर नाही. त्यांची जाहिरात आज सकाळीही तशीच होती: अनुभवी गाईडसह, माणशी 45 युरो.