देवबागची आख्खी होडी की माणशी भाड्याची? मालवणात अर्धा दिवस समुद्रावर काढण्याआधी

मालवणला जायचं ठरलं की घरातला एक जण हॉटेल बघतो, एक जण कुठे जेवायचं ते ठरवतो आणि होडीचं मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून राहून जातं. मग किनाऱ्यावर उभं राहून पाच मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो: आख्खी होडी करायची की माणशी पैसे भरून इतरांबरोबर बसायचं? माझं मत आधीच सांगते. सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी आख्खी होडी करायची गरज नाही. देवबागच्या बाजूला, म्हणजे संगम, त्सुनामी बेट, भोगवे आणि निवतीकडे, बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील किंवा तुम्ही पाच-सहा जण असाल, तर आख्खी होडी करावी. पण आख्ख्या होडीचे जास्तीचे पैसे बसायला ऐसपैस जागा मिळते म्हणून देऊ नका. ते वेळ आणि क्रम आपल्या हातात राहावा म्हणून द्यायचे असतात. भरती-ओहोटी बघून निघणार नसाल, तर ते पैसे पाण्यात गेले असं समजा.

किल्ला: इथे सगळ्यांबरोबरच जा

मालवण जेटीवरून किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या दिवसभर सुरू असतात. तिकीट माणशी, अंतर जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचं, होडी भरली की सुटते. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. तीन किलोमीटरच्या आसपास तटबंदी, आत शिवराजेश्वराचं देऊळ, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, तटावर घुमटीत जपलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले, त्यांत हा आहे.

इथे खरी अडचण वेळेची. प्रवासी होडीवाले साधारण तासाभराचा वेळ देतात आणि तेवढ्यात तटावरून नीट फिरणं होत नाही. म्हणून अनेकांना वाटतं की आख्खी होडी केली तर निवांत बघता येईल. त्याऐवजी तिकीट काढतानाच विचारा, 'मागच्या होडीने परत आलो तर चालेल का?' गर्दी नसलेल्या दिवशी बहुतेक वेळा सोय होते. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी वेगळी होडी करण्यापेक्षा ते पैसे देवबागसाठी राखून ठेवा. किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडकांपाशी स्नॉर्केलिंग करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी होडी, साहित्य आणि पाण्यात बरोबर उतरणारा माणूस असं एकत्रच ठरवतात.

किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. प्रवाळ, शंख, शिंपले हातात घेऊन बघितले तरी परत तिथेच ठेवायचे.

देवबाग: इथे फरक पडतो

मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर आणि त्याच्या पुढे जमिनीची चिंचोळी पट्टी संपते तिथे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. नदी समुद्राला मिळते तो संगम, आणि त्या मुखाच्या आत पात्रात वाळूचा एक दांडा आहे, तेच त्सुनामी बेट. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावातले लोक सांगतात. बेट म्हटल्यावर डोळ्यांसमोर माड आणि झोपड्या येत असतील तर ते चित्र बाजूला ठेवा. हा वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीला पायाखाली कोरडी वाळू, भरतीला मांडीपर्यंत पाणी. त्यामुळे 'त्सुनामी बेटावर गेलो, पण बेट दिसलंच नाही' असं सांगणारी माणसं भेटतात आणि त्यांचं काही खोटं नसतं. ती भरतीला गेलेली असतात.

माणशी भाड्याच्या होड्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी डॉल्फिन, मग संगम, मग बेट, तिथे बनाना राइड, जेट-स्की वगैरे, आणि परत. सकाळी नऊला निघा नाहीतर दुपारी बाराला, क्रम तोच. आख्ख्या होडीत तुम्ही तांडेलला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सांगू शकता की आधी बेट करू, डॉल्फिन नंतर. किंवा निघायलाच दोन तास उशीर करू. मी ज्याला जास्तीचे पैसे म्हणते ते याचे.

तिथीची पाऊणपट

किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात ती अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी, जिला इकडे सुकती म्हणतात. हिशोब ठोकळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीचा दिवस ठरवायला पुरेसा आहे.

आता हाच हिशोब सहलीला लावून बघा. चतुर्थी ते अष्टमी या तिथींना सुकती सकाळी सव्वानऊ ते सव्वाबाराच्या दरम्यान येते. सकाळी साडेसातला निघालात तर आधी शांत पाण्यात डॉल्फिन बघायचे आणि मग बेटावर पोचायचं तेव्हा वाळू उघडी असते. सकाळच्या फेरीसाठी याहून चांगले दिवस नाहीत. द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत सुकती दुपारी सव्वातीन ते साडेपाचच्या आसपास, म्हणजे बेटासाठी दुपारची फेरी बरी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं तसंच खूप उतरतं, त्यामुळे वाळू लांबपर्यंत मोकळी होते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढ-उतार कमी. दांडा थोडा कमी उघडा पडतो, पण मुखावरची ओढही सौम्य असते. मुलं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस निवडते.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्या. लक्ष्मीपूजन अमावास्येला, भाऊबीज द्वितीयेला. या दिवसांत पूर्ण भरती सव्वाअकरा ते दीडच्या दरम्यान येते. नाश्ता उरकून अकराला किनाऱ्यावर येणारी गर्दी बरोबर तेव्हाच बेटावर पोचते आणि पाण्यात उभी राहून फोटो काढून परत येते. भाऊबीजेला जायचंच असेल तर उजाडताना निघा, सुकती पावणेआठच्या सुमाराला असते. माणशी भाड्याच्या होड्या एवढ्या लवकर भरत नाहीत. अशा दिवशी आख्खी होडी करण्याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट याच्या आड येते, ती म्हणजे वारा. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर पाणी सपाट. दुपारी खारा वारा सुटला की संगमाच्या बाहेर लाटा उठतात. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी दुपारी डॉल्फिनच्या मागे बाहेर जाणं म्हणजे शिक्षा. म्हणून दुपारच्या फेरीत बेट, खाडी आणि भोगव्याचा किनारा एवढंच ठेवावं आणि बाहेर समुद्रात जायचा हट्ट सोडावा.

डॉल्फिन

या किनाऱ्याजवळ कुबड असलेले डॉल्फिन दिसतात. माणशी भाड्याच्या होडीत वीसेक माणसं, त्यामुळे 'दाखवलाच पाहिजे' हा दबाव तांडेलवर असतो. एका कळपाभोवती चार-पाच होड्या जमतात आणि पाठ दिसली की सगळ्यांची इंजिनं एकदम वाढतात. मला हे बघवत नाही. आख्ख्या होडीत हे तुम्ही थांबवू शकता. लांबूनच इंजिन बंद करायला सांगा आणि गप्प बसा. दोन-तीन मिनिटांत पाणी शांत होतं, मग श्वास सोडल्याचा फुस्स असा आवाज आधी ऐकू येतो आणि करडी पाठ वर येऊन सावकाश आत जाते. इंजिन चालू असताना हा आवाज कधीच कानावर येत नाही. डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत मागू नका. ते मागणारे आहेत म्हणूनच होड्या पाठलाग करतात.

कोण बरोबर आहे त्यावर

गुडघे दुखणारी आई-वडिलांची पिढी बरोबर असेल तर सगळ्यात आधी विचारायचं ते चढण्या-उतरण्याबद्दल. देवबागला बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यात चालत जाऊन होडीच्या काठावरून आत चढावं लागतं. गर्दीच्या होडीत मागे रांग असते, घाई होते. आख्ख्या होडीवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर तो खाडीच्या बाजूने, पाणी स्थिर असतं तिथून बसवतो आणि फळी किंवा स्टूल ठेवतो. होडीवर स्वच्छतागृह नसतं. वयस्कर माणसांसाठी अर्ध्या दिवसाऐवजी दोन-अडीच तासांची फेरीच योग्य, आणि मधेच परत फिरता येणं ही आख्ख्या होडीची मोठी सोय.

तुम्ही दोघंच असाल तर? मग माणशी भाड्याची होडी घ्या, फक्त तिथी बघून. दोघांसाठी आख्खी होडी परवडण्यासारखी नसते, आणि सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर होडीत चार-सहाच माणसं असतात. पाच-सहा जण असाल तर आख्ख्या होडीचा दर माणशी वाटून बघा. तो माणशी भाड्याच्या दीडपटीच्या आत बसला तर विचार करत बसू नका, आख्खी घ्या. दर हंगामाप्रमाणे बदलतात, मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चढेच असतात. वॉटर स्पोर्ट्सचे पैसे दरात धरलेत की वेगळे, हे मात्र आधीच स्पष्ट करून घ्या. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

तरुण मुलांचा घोळका असेल आणि गाणी, जेवण, गर्दी हवीच असेल, तर गोव्याची ग्रँड आयलंडची शेअरिंग सफर त्यांना जास्त आवडेल. फक्त शिकेरीसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणाहून निघालात तर बराच वेळ जाण्यायेण्यात जातो. वास्कोच्या बाजूने, बायणा किंवा बोगमाळोहून अंतर कमी पडतं.

निवतीच्या समोर खोल समुद्रात दीपगृह असलेले खडक आहेत, त्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. पक्षी बघणाऱ्यांना तिकडे जायची ओढ असते आणि तिथे जायचं तर आख्खीच होडी लागते. पण हे कौटुंबिक सहलीचं ठिकाण नाही. खडकावर उतरायला मिळेल असं धरून चालू नका, आणि हिवाळ्यात समुद्र स्वस्थ असेल तेव्हाच विचार करा.

सुरक्षिततेत कोण वरचढ?

इथे माझं उत्तर लोकांना अनपेक्षित वाटतं. आख्खी होडी म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही. माणशी भाड्याच्या होडीला धोका गर्दीचा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. तारीख बघा, मे महिन्याचा शेवट, पावसाळा तोंडावर आलेला. आख्ख्या होडीला धोका वेगळा: पैसे मोजलेत म्हणून आपण तांडेलवर दबाव आणतो. 'एवढ्या लांबून आलोय, थोडं बाहेर नेऊन आणा ना.' तांडेल म्हणाला, 'आज भायर वारो आसा,' तर तो विषय तिथेच संपवायचा. 'सुकती लागांदे, मगे सोडतंय,' म्हणाला तर तासभर किनाऱ्यावर थांबायचं. जो तांडेल नाही म्हणतो, त्याच्याच होडीत मी निर्धास्त बसते.

बाकी दोन्हींकडे एकच तपासणी. होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली हवी, बसलेली माणसं मोजून घ्यायची. लाइफ जॅकेट अंगात, बक्कल लावलेलं, मांडीवर ठेवलेलं नाही. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते आदल्या दिवशी विचारा, मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या गळ्यातून वर सरकतं. बेटावर उतरल्यावर मुखाच्या बाजूला पोहायला जायचं नाही. ओहोटीला नदीचं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर पडत असतं आणि कमरेएवढ्या पाण्यातही पाय उचलले जातात. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. त्या दिवसांत कोणी 'नेतो' म्हणालं तरी जायचं नाही.

फोनवर ठरवताना

आदल्या दिवशी एवढं विचारा: उद्या सुकती किती वाजता आहे, निघायचं कुठून, होडीवर ताडपत्रीची सावली आहे का, बेटावर किती वेळ थांबता येईल, आणि वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पटकन आणि नेमकं आलं तर माणूस समुद्रावरचा आहे. 'कधीपण या, बेट असतंच' असं उत्तर आलं तर तो मधला दलाल असण्याची शक्यता जास्त, दुसरा नंबर लावा. आगाऊ रक्कम थोडीच द्या, बाकीचे पैसे उतरल्यावर. आणि सकाळी निघताना किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर ती पूर्ण होईपर्यंत होडी सोडायची घाई करू नका. जाळं पाण्यात असताना त्यावरून इंजिन नेलं तर अख्ख्या वाडीची सकाळची कमाई फाटते.