माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा कापून मला ‘जर्मन’ म्हणून विकल्या

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो, 2016ची, 1.5 लिटर डिझेल. टायर आणि मडगार्डमधली पोकळी मला पहिल्या दिवसापासून खुपायची. आपल्या रस्त्यांसाठी कंपनीने ती मुद्दाम उंच ठेवली, हे कळत होतं. पण कात्रजच्या जुन्या घाटात वळणावर गाडी थोडी कमी कलावी, असं फार वाटायचं. म्हणून लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, बसवायचं ठरवलं.

पुण्यातल्या एका मॉडिफिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने खोका उघडून लाल रंगाच्या चार स्प्रिंगा दाखवल्या. त्यांवर एका नावाजलेल्या जर्मन कंपनीचं नाव होतं. “30 मिलिमीटर खाली बसेल, घाटात चिकटून चालेल. बिलासकट 28 हजार, बिल नको असेल तर 26.” मी बिल घेतलं नाही. दहा हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. वर म्हणाला, “जुन्या स्प्रिंगा इथेच राहू द्या, भंगाराचे पाचशे कमी करतो. गाडी ठेवून जा, संध्याकाळी या.” मी ठेवून गेलो.

गाडी पेट्रोल की डिझेल, हे त्याने विचारलंच नाही. तिथेच मला उठायला हवं होतं. डिझेल इंजिन जड असतं, पुढच्या चाकांवर वजन जास्त येतं, त्यामुळे एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बहुधा वेगळ्या असतात. खऱ्या सेटचा पार्ट नंबर ॲक्सलवरच्या वजनानुसार ठरतो.

संध्याकाळी गाडी देखणी दिसत होती. पण पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून दणका बसला. फोन केला तर म्हणाला, “स्प्रिंग बसायला पाचशे किलोमीटर जातात.” नवी स्प्रिंग थोडी बसते हे खरंच आहे, म्हणून मी विश्वास ठेवला.

तीन आठवड्यांनी आईला घेऊन साताऱ्याला निघालो आणि शिरवळजवळ मागचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्या मुलाने जॅक लावला, चाक काढलं आणि मला हाक मारली. “दादा, हे बघा. स्प्रिंग हाताने फिरतीये.” खरंच फिरत होती. लाल रंगाचा पोपडा निघाला होता, खाली मूळ काळा रंग आणि कंपनीचे रंगीत पट्टे दिसत होते. टोकाला ग्राइंडरचा सपाट काप. मला दाखवलेला सेट बसवलाच नव्हता. माझ्याच स्प्रिंगा कापून, लाल रंगवून परत घातल्या होत्या. आई मागच्या सीटवर बसून आली होती, हे आठवलं आणि हात थरथरायला लागले.

यात धोका काय, ते सांगतो. स्प्रिंगचे काम करणारे सहा वेढे धरले आणि एक कापला, तर ती सुमारे 20 टक्के कडक होते. पण त्या कडकपणाच्या मानाने गाडी फार जास्त खाली येते. माझी मागून डावीकडे 42 आणि उजवीकडे 50 मिलिमीटर खाली आली होती, म्हणजे दोन बाजूही सारख्या नव्हत्या. चाकाला वर जायला जागा उरत नाही, सस्पेन्शन रबरी स्टॉपवर जाऊन आपटतं. भर वळणात असं झालं तर बाहेरच्या चाकावरचा भार एकदम वाढतो आणि पकड सुटू शकते. चाक खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सैल होते, ती वाकडी बसली तर काय होईल याचा विचार करा. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगमध्ये बहुधा काही वेढे एकमेकांच्या जवळ घेतलेले असतात. भाराखाली ते मिटतात आणि चाक लोंबलं की उघडून स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात. कापलेल्या तुकड्यात हे येणार कुठून?

तुम्ही बसवणार असाल तर काम होईपर्यंत तिथेच थांबा. जुन्या चारही स्प्रिंगा मोजून घरी आणा, भंगाराच्या पाचशेवर जाऊ नका. वेढ्यावर छापलेला नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा, फोटो काढा. आधी आणि नंतर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. गाडी रॅम्पवर असताना मागची स्प्रिंग हाताने फिरवून बघा. आणि बिल घ्याच.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा मालक म्हणाला, “करा तक्रार. गाडीत बदल तुम्हीच करून घेतलाय, आरटीओत तुम्हीच अडकाल.” या भीतीने मी दोन आठवडे गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या काळात त्याच्या रॅम्पवर आणखी किती गाड्या चढल्या असतील! शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुरावा म्हणून दहा हजारांच्या यूपीआयची नोंद आणि शिरवळला काढलेले फोटो जोडलेत. गाडीत पुन्हा कंपनीच्या मूळ स्प्रिंगा घातल्या. मागच्या एका शॉकअपमधून तेल गळायला लागलं होतं, म्हणून तेही जोडीने बदलले. एकूण 31 हजार गेले. कापलेल्या चारही स्प्रिंगा घरी जपून ठेवल्या आहेत, सुनावणी झाली तर टेबलावर ठेवायला.