आठ महिने इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर: तिसरी-चौथीच्या मुलांसोबतचा अनुभव

जूनमध्ये गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेला दोन जुने लॅपटॉप मिळाले. तिसरी-चौथी एकाच वर्गात, मुलं १४. मोबाइल सगळ्यांच्या हातात खेळलेला. व्हिडिओ लावतात, माइकवर बोट ठेवून बोलतात. पण बोललेलं चुकीचं उमटलं तर दुरुस्त कुणी करत नसे, कारण टाइप करणं कुणालाच येत नव्हतं.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सोय मी मुद्दाम टाळली. ज्या मुलाला बाराखडी तोंडपाठ आहे, त्याने 'ठ' साठी इंग्रजी स्पेलिंग का शोधावं? इन्स्क्रिप्ट हा सरकारने १९८६ साली ठरवलेला आराखडा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'के' वर क, शिफ्ट धरला की ख. 'आय' वर ग, शिफ्टने घ. एवढं दाखवल्यावर त-थ, प-फ मुलांनी स्वतःच शोधून काढले.

पहिली मोठी अडचण ऱ्हस्व वेलांटीची. वहीत ती अक्षराच्या आधी काढतात, म्हणून बटणही आधी दाबलं. मग पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ. "बाई, अक्षर फुटलें!" मी फळ्यावर फोड करून दाखवली: आधी क, मग इ. तोंडाने जसं म्हणतो तसंच टाइप करायचं. रफाराचंही तेच. 'चतुर्थी' लिहिताना र, मग पाय मोडायचं बटण, मग थ. रफार आपोआप वर जाऊन बसतो. त्यानंतर दोन मुलींच्या वहीतले रफारही जागेवर पडू लागले. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी प्रत्येकाने घरच्या माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-फुलांच्या चौकटीची) यादी टाइप केली. सुपारी, चिबूड, आंबाडे, तोरंजन सरळ गेले. 'घागऱ्या' वर अख्खा वर्ग अडला. साधा र वापरला तर 'घागर्या' उमटतं. शिफ्टसह 'जे' दाबून ऱ, मग पाय मोडून य, हे सापडलं तेव्हा सगळे एकाच लॅपटॉपभोवती जमले होते. एकाने यादी कोकणीतून केली. लिपी देवनागरीच, त्यामुळे कीबोर्ड बदलायची गरज पडली नाही. त्याच दिवशी वीज गेली. एका लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच होती, दोन याद्या गेल्या. कंट्रोल आणि एस आता कुणाला सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर शोध घ्यायला शिकवलं. 'तांबडी सुर्ला' नीट टाइप केलं की तिथल्या जुन्या महादेवाच्या देवळाची मराठी पानंही समोर येतात, आणि कोणतं पान कुणी लिहिलंय ते आम्ही मोठ्याने वाचतो. यावर अजून खूप काम व्हायला हवं.

त्रास आहेतच. अक्षरांचे स्टिकर पावसाळी दमटपणात महिन्याभरात सुटले. कार्डबोर्डवर काढलेला तक्ता बरा. आठवड्याला दोनदा अर्धा तास मिळतो, घरी सराव नाही, म्हणून वेग कमीच. पाच ओळींना चौथीचं मूल वीस मिनिटं घेतं.

तिसरीपासून हा कीबोर्ड जरूर द्यावा. पहिली-दुसरीला मी देणार नाही. त्यांचा हात अजून पाटीवर बसायचा आहे.