तक्रार की छाननी: इंग्लंडमध्ये कौन्सिलचं कोणतं दार ठोठवायचं?

इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी भेटली की तीन प्रश्न हमखास निघतात. बाथरूमच्या भिंतीला काळी बुरशी आलीय, कोणी दाद देत नाही. जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी उंबऱ्याला लागतं. आणि 2022 पासून तिसरा: युक्रेनच्या मायलेकींना घरात ठेवून घेतलं, आता त्यांचं पुढे काय?

तिन्हींसाठी दोन दारं आहेत. एक तक्रारीचं, जे शेवटी लोकपालापर्यंत, म्हणजे ओम्बड्समनपर्यंत जातं. दुसरं कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, छाननी समितीचं, म्हणजे स्क्रूटिनी कमिटीचं. पहिलं सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. मी स्वतः घरासाठी पहिलं दार वापरलंय आणि गल्लीतल्या पाण्यासाठी दुसरं. कोणत्या कामाला कोणतं, ते नीट मांडतो. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची घडी वेगळी.

आधी ही समिती म्हणजे काय ते पाहू, कारण इथे आपला घोळ होतो. आपल्या महापालिकेतली स्थायी समिती डोळ्यांसमोर आणू नका. ती खर्च मंजूर करते. इथली छाननी समिती एक पौंडही मंजूर करत नाही. 2000 च्या स्थानिक शासन कायद्याने बहुतेक कौन्सिलांचा कारभार लीडर धरून जास्तीत जास्त दहा जणांच्या कॅबिनेटकडे गेला. उरलेल्या नगरसेवकांनी त्या कारभारावर नजर ठेवायची म्हणून ही समिती आली. कॅबिनेटमधल्या कोणालाही तिथे बसता येत नाही. समिती अधिकाऱ्यांना बोलावते, कागद मागवते, शिफारशी करते, आणि कॅबिनेटला दोन महिन्यांत उत्तर द्यावंच लागतं. झालेला पण अजून अमलात न आलेला निर्णय ती फेरविचारासाठी परत पाठवू शकते. त्याला 'कॉल-इन' म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची मुदत जेमतेम पाच कामकाजाच्या दिवसांची असते. हुकूम मात्र ती कोणालाच देऊ शकत नाही.

म्हणूनच लोक म्हणतात, या समितीला दात नाहीत. मला ते अर्धंच पटतं. दात आहेत की नाहीत हे विषयावर ठरतं, आणि इथेच तुमची निवड ठरते.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण छाननीचं दार सर्वांत जड आहे ते इथेच.

2007 च्या उन्हाळ्यात हल, शेफील्ड, ट्यूक्सबरी अशी गावंच्या गावं पाण्यात गेली. सुमारे 55,000 घरं-दुकानं बुडाली, 13 माणसं गेली. ग्लॉस्टरशरमध्ये जलशुद्धीकरण केंद्रच पुराखाली गेल्याने साडेतीन लाख लोकांच्या नळाला पाणी नव्हतं, काहींच्या तर सतरा दिवस. नंतर सर मायकल पिट यांच्या अहवालाने जे दाखवलं ते 26 जुलैची मुंबई पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल: नदी एकाची, नाला दुसऱ्याचा, रस्त्याकडेची जाळी तिसऱ्याची, आणि पाणी तुंबलं की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवणार. त्यातून 2010 चा पूर आणि जल व्यवस्थापन कायदा आला. काउंटी किंवा एकात्मिक कौन्सिल (जिथे सगळा कारभार एकाच कौन्सिलकडे असतो) ही पुराची मुख्य स्थानिक यंत्रणा ठरली. कलम 19 खाली, पूर आल्यावर जबाबदारी कोणाची होती आणि ती पार पाडली का, याची आवश्यक वाटेल तेवढी चौकशी करून तिला निष्कर्ष जाहीर करावे लागतात. महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. छाननी समितीने माहिती मागितली तर एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी यंत्रणेला आणि पाणी कंपनीलाही ती द्यावी लागते, अहवालाला उत्तर द्यावं लागतं. कौन्सिलबाहेरच्यांना असं कायद्याने बांधून घेतलेले विषय फार थोडे आहेत.

आमच्या गल्लीत दोन हिवाळ्यांत तीनदा पाणी आलं. मी आधी तक्रार केली होती. उत्तर आलं: जाळ्या वेळापत्रकाप्रमाणे साफ केल्या आहेत. तक्रारीची फाइल बंद. मग आमच्या नगरसेविकेने विषय समितीपुढे नेला. कोणताही नगरसेवक असा विषय नेऊ शकतो. त्या संध्याकाळी पाणी कंपनीचा माणूस म्हणाला, जाळी कौन्सिलची. कौन्सिलचा अभियंता म्हणाला, जाळीपुढचा पाइप कंपनीचा. अध्यक्षबाईंनी टेबलावर नकाशा पसरला आणि दोघांना सांगितलं, "तुमची हद्द जिथे सुरू होते तिथे बोट ठेवा." दोन बोटांच्या मधे चाळीसेक फूट पाइप उरला. तो कोणाच्याच यादीत नव्हता. तो कागदावर यायला आणखी चार महिने लागले. पण तक्रारीच्या दाराने तो कधीच सापडला नसता, कारण तक्रार ज्याच्याकडे जाते तो फक्त स्वतःच्या यादीत बघतो.

तेव्हा पाणी रस्त्यावरचं असेल, शेजाऱ्यांच्याही घरात जात असेल, तर छाननी. फोटो, तारखा, पाणी किती इंच चढलं ते लिहून ठेवा आणि कलम 19 ची चौकशी मागा. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं आहेत तिथे हा विषय काउंटीचा. डिस्ट्रिक्टकडे नेलात तर महिने फुकट जातील.

घराचं गणित उलटं आहे. इथे आधी तक्रार, आणि आजच.

रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये दोन वर्षांचा अवाब बुरशीने भरलेल्या घरात राहून दगावला. वडिलांनी 2017 मध्येच सांगितलं होतं. त्यांना बुरशीवरून रंग मारायला सांगण्यात आलं. त्याच्या नावाच्या कायद्याचा पहिला टप्पा 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. कौन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे परवडणारी घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचं, घर असेल तर तातडीच्या धोक्यावर 24 तासांत हालचाल, आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत. तक्रारीच्या पहिल्या पायरीचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत, दुसरीचं वीस कामकाजाच्या दिवसांत, त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समन. तो फुकट आहे, आणि त्याचा आदेश घरमालक संस्थेला पाळावा लागतो. छाननी समितीकडे यातलं काहीच नाही. बहुतेक समित्या एकट्यादुकट्या घराचं प्रकरण ऐकूनच घेत नाहीत.

आपल्यातले कितीतरी जण खासगी घरमालकाकडे भाड्याने राहतात, आणि त्यांची वाट वेगळी आहे. 2004 च्या हाउसिंग कायद्याखाली कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला तपासणीला बोलवायचं. ते आलेच नाहीत तर तक्रार त्या विभागाविरुद्ध करायची, आणि ती जाते दुसऱ्या लोकपालाकडे, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, साधारण बारा महिन्यांच्या आत. दोन लोकपालांची ही गल्लत फार महागात पडते. चुकीच्या पत्त्यावर गेलेला अर्ज परत येईपर्यंत मूल खोकत असतं.

मग घराच्या बाबतीत समिती कशाला हवी? तर धोरणासाठी. एकाच इमारतीतल्या आठ घरांनी तक्रार केली असेल, तर तो पॅटर्न समितीपुढे न्यायचा. वर्षात किती घरं तपासली, किती घरमालकांना नोटिसा गेल्या, भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा करायचा का? लंडनच्या न्यूअमने 2013 मध्ये जवळजवळ सगळ्या खासगी भाड्याच्या घरांना परवाना लावला. असा निर्णय तुमच्या गावात घ्यायचा की नाही, यावर छाननीतल्या प्रश्नांचा वजनदार परिणाम होऊ शकतो. आठ तक्रारींचे क्रमांक हातात असले की त्या प्रश्नाला कोणी 'ऐकीव' म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. समिती नावाला असणं आणि ती काम करत असणं यात फार अंतर असतं. रोदरहॅमच्या मुलींच्या शोषणाचं प्रकरण बाहेर आल्यानंतर लुईस केसी यांच्या 2015 च्या चौकशी अहवालाने म्हटलं की तिथली छाननी मुद्दाम दुबळी ठेवली गेली होती. म्हणून आधी तुमच्या समितीच्या मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं वाचा. प्रत्येक विषयाखाली फक्त 'अहवाल नोंदवून घेतला' असं लिहिलेलं असेल, तर त्या दारावर फार भरवसा ठेवू नका. आणि शेफील्ड किंवा ब्रिस्टलमध्ये राहत असाल तर तिथे जनमतानेच समिती पद्धत आली आहे, म्हणजे कॅबिनेटऐवजी नगरसेवकांच्या समित्याच निर्णय घेतात; शेफील्डमध्ये 2022 पासून, ब्रिस्टलमध्ये 2024 पासून. तिथे विषय थेट निर्णय घेणाऱ्या धोरण समितीकडे न्यायचा.

आता निर्वासितांचा विषय. तो माझ्या जवळचा आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, आणि त्यांतले पुष्कळजण पुढे ब्रिटनमध्येच स्थायिक झाले. परक्या मुलखात छप्पर मिळण्याचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको.

इथे पैसा कोणाचा आहे ते आधी बघायचं. युक्रेनच्या लोकांना आपल्या घरात ठेवून घेण्याच्या 'होम्स फॉर युक्रेन' योजनेत सरकारने कौन्सिलला माणशी 10,500 पौंड दिले. 1 जानेवारी 2023 पासून आलेल्यांसाठी ते 5,900 झाले. हा पैसा कौन्सिलच्या हातातला, म्हणून छाननी इथे खरंच काम करते. इंग्रजीच्या वर्गांवर किती गेले, भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी किती ठेवले, किती अजून शिल्लक आहेत? यजमानाच्या घरातून बाहेर पडणाऱ्या मायलेकींचं पुढचं घर या उत्तरांवर अवलंबून असतं.

आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलांचं तसं नाही. ती होम ऑफिसची, म्हणजे केंद्रातल्या गृहखात्याची, चालवतात ठेकेदार कंपन्या. समिती त्यांना बोलावू शकते, पण पुरासारखं त्यांना कायद्याने बांधलेलं नाही. ते नाही आले तर खुर्ची रिकामी राहते. तिथे एका माणसाच्या अडचणीसाठी खासदाराला लिहा, ते लवकर पोचतं. कौन्सिलच्या हद्दीत येतो तो पुढचा टप्पा. आश्रय मंजूर झाला की होम ऑफिसची जागा सोडायला वर्षानुवर्षे 28 दिवस मिळत आले, तर बेघर होऊ घातलेल्या माणसाला मदत करायची कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी 56 दिवस आधीपासून सुरू होते. डिसेंबर 2024 पासून काही काळ जागा सोडायची मुदत 56 दिवस करून पाहिली गेली. तुमच्या कौन्सिलला या माणसांची नावं किती दिवस आधी कळतात, हा एक प्रश्न समितीत विचारा. मला आजवर ऐकलेल्या सगळ्या प्रश्नांत तो सर्वांत उपयोगी वाटला, कारण उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

दोन्ही दारांचा वेळ वेगळा लागतो. तक्रार रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर बसून लिहिता येते. छाननीसाठी संध्याकाळी साडेसहाला सभागृहात बसावं लागतं, पोरांना कोणाकडे तरी ठेवून. विषयपत्रिका पाच दिवस आधी जाहीर होते, मोठ्या निर्णयांची सूचना 28 दिवस आधी. जनतेतून बोलायला बहुतेक ठिकाणी तीनेक मिनिटंच मिळतात आणि त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून मागे राहू नका: व्हिसावर रीतसर राहणाऱ्या कॉमनवेल्थ नागरिकाला कौन्सिलच्या निवडणुकीत मत आहे. नगरसेवकाला पत्र लिहिताना मतदार म्हणून लिहा.

ओल आणि रस्त्यावरचं पाणी दोन्ही एकाच घरात असेल, तर आज रात्री तक्रार टाका. तिचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा. तोच क्रमांक उद्या नगरसेवकाच्या पत्रात पहिल्या ओळीत घाला, आणि त्याखाली रस्त्यावरच्या ज्या ज्या घरात पाणी शिरलं त्यांचे दार क्रमांक, शेजाऱ्यांना विचारून.