"आमचं जाणं रद्द झालं, तिकिटं घेता का?": ऑस्बर्न हाउसच्या सहलीत झालेली फसवणूक

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आई-वडिलांना भारतातून बोलावून घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. बँक हॉलिडेच्या तोंडावर मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी "आमचं जाणं रद्द झालं, तिकिटं वाया जातील, तुम्ही घेता का?" असं विचारत आलं, तर त्याला पैसे पाठवू नका. तो मराठी बोलतो, ताई-दादा म्हणतो, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. आम्हाला ज्याने गंडवलं तो अगदी घरच्यासारखं बोलत होता, आणि त्याने दिलेली बहुतेक माहिती खरी होती. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आम्हाला जायचं होतं आयल ऑफ वाइटवरच्या ऑस्बर्न हाउसला. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्टने १८४५ मध्ये ही जागा विकत घेतली आणि थॉमस क्यूबिटकडून तिथे नवं घर बांधून घेतलं. लंडनच्या राजवाड्यापासून लांब, समुद्राकाठी, मुलाबाळांना मोकळं वावरता यावं म्हणून. राणी गेली तीही इथेच, २२ जानेवारी १९०१ ला. पण आमच्या बाबांना राणीचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना बघायचा होता तिथला दरबार हॉल.

बाबा जे.जे.मध्ये शिकलेले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत चित्रकलेचे शिक्षक. लॉकवुड किपलिंग हे नाव आम्ही लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकलंय. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं किपलिंगची, हे ते आम्हाला दर वेळी बोट दाखवून सांगायचे. हा माणूस १८६५ मध्ये जे.जे.त शिकवायला आला, दहा वर्षांनी लाहोरच्या मेयो स्कूल या कलाशाळेचा प्रमुख म्हणून गेला. तिथे त्याच्या हाताखाली भाई राम सिंग तयार झाला. पंजाबातल्या सुतारकाम करणाऱ्या घरातला हा कारागीर १८९१ मध्ये थेट राणीच्या घरी आला आणि त्याने दरबार हॉलची सजावट उभी केली. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या राणीच्या घरात हा हॉल आहे. "एकदा ते काम जवळून बघायचंय," एवढंच बाबा इकडे येण्याआधी फोनवर म्हणाले होते. दुसरी कुठलीच जागा त्यांनी मागितली नव्हती.

ऑस्बर्नला जाणं म्हणजे नुसतं प्रवेशाचं तिकीट काढणं नव्हे. बेटावर जायला फेरी लागते. गाडी न्यायची तर साउथॅम्प्टनहून ईस्ट काउझची फेरी आधी आरक्षित करावी लागते, आणि बँक हॉलिडेला तिचे दर चढलेले असतात. बाबांचे गुडघे दुखतात, आईला दम लागतो, दोन लहान मुलं बरोबर. गाडी हवीच होती. म्हणून मी ग्रुपवर विचारलं: मेच्या बँक हॉलिडेला आई-बाबांना घेऊन ऑस्बर्नला जायचंय, कुणी गाडी घेऊन गेलंय का, फेरीचा खर्च साधारण किती येतो?

त्याच संध्याकाळी एका नंबरवरून वेगळा मेसेज आला. "नमस्कार ताई, ग्रुपवर तुमचा मेसेज बघितला." त्याच्याकडे त्याच बँक हॉलिडेच्या सोमवारची तिकिटं होती: दोन मोठे, दोन ज्येष्ठ, दोन मुलं, शिवाय गाडीसह फेरीचं येणं-जाणं. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय, त्यामुळे त्यांचं जाणं रद्द. सगळे मिळून १९० पौंड. आमच्या हिशेबाने हाच खर्च अडीचशेच्या पुढे जात होता. म्हणजे किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, अडचणीतला माणूस सोडून देईल इतपतच कमी होती.

आता मागे वळून बघताना दिसतं की त्याला लागणारी सगळी माहिती माझ्या त्या एका प्रश्नात होती. तारीख, माणसं, वडीलधारी मंडळी, गाडी. त्याच्या घरातली माणसं आमच्याइतकीच निघाली, हा योगायोग नव्हता.

तो बोलत राहिला तेही सगळं बरोबर. फेरीला तासभर लागतो, धक्क्यावर लवकर पोहोचा, घरातून फिरताना दरबार हॉल शेवटी येतो, बागेतलं स्विस कॉटेज मुलांना जरूर दाखवा, ते राणीच्या मुलांसाठी बांधलंय. मी हे पडताळून पाहिलं आणि सगळं जुळलं. मग त्याने गाडीचा नंबर मागितला. फेरीच्या बुकिंगला तो लागतोच. थोड्या वेळाने "नंबर बदलून घेतला" म्हणत दोन पीडीएफ पाठवल्या: एक फेरीची, एक प्रवेशाची, क्यूआर कोडसकट.

पैसे त्याला बँक ट्रान्सफरनेच हवे होते. खात्याचा तपशील देतानाच त्याने लिहिलं, "खातं मिसेसच्या नावाने आहे, तिचं माहेरचं नाव लागलंय, त्यामुळे बँक नाव जुळत नाही म्हणेल, काळजी करू नका." नवऱ्याने पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपवर अगदी तेच आलं: तुम्ही दिलेलं नाव या खात्याशी जुळत नाही. आपल्याकडे लग्नानंतरही माहेरच्या नावाने खाती असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. बँकेचा इशारा येणार हे ओळखून त्याने त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. बँक तुम्हाला काय विचारेल हे समोरचा आधीच सांगत असेल, तर तिथेच थांबा.

सोमवारी सकाळी साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर आमची गाडी रांगेत उभी होती. बाबा पुढच्या सीटवर ती पीडीएफ फोनवर मोठी करून बघत होते. म्हणाले, "हा नंबर मागाहून बसवलाय गं." मी बघितलं. बाकी सगळी अक्षरं बारीक आणि एका रेषेत; आमच्या गाडीचा नंबर तेवढा किंचित जाड, आणि ओळीच्या जरा वर सरकलेला. आयुष्यभर मुलांची अक्षरलेखनं तपासलेल्या माणसाला ते दिसलं. तोवर आमची पाळी आली. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकून बघितला, पुन्हा टाकला. असं बुकिंगच नव्हतं. त्या दिवशीच्या फेऱ्यांमध्ये गाडीला जागाही नव्हती.

परत फिरायचं नाही, असं आईने ठरवलं. गाडी बाहेर पैसे भरून लावली, पायी प्रवाशांची तिकिटं काढली, ईस्ट काउझहून टॅक्सी केली. ऑस्बर्नच्या दारावर प्रवेशाचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर यंत्र म्हणालं, हे तिकीट सकाळीच वापरलं गेलंय. म्हणजे फेरीचं बुकिंग बनावट होतं, पण प्रवेशाचं तिकीट अस्सल होतं. त्याने ते एकदा विकत घेतलं आणि जितकी घरं गळाला लागली तितक्यांना विकलं. जे आधी पोहोचले ते आत गेले. त्यांना आपणही फसवणुकीचं तिकीट घेतलंय हे कदाचित अजून ठाऊकही नसेल.

आम्ही दारावर पुन्हा पैसे भरले. दरबार हॉल बघितला. फायरप्लेसच्या वर पिसारा फुलवलेला पांढरा मोर आहे, त्याच्यासमोर बाबा बराच वेळ मान वर करून उभे होते, आणि मुलांना साचा कसा काढतात ते हाताने दाखवत होते. ते झालं याचा आनंद आहेच. पण आईला नंतर चालवेना, मुलांचं स्विस कॉटेज राहिलं, समुद्रकिनारा राहिला, आणि परतीची फेरी गाठायची घाई. बाबा दिवसभर "माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड" म्हणत राहिले, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

घरी पोहोचताच १५९ ला फोन केला. हा नंबर जवळपास सगळ्या मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाला थेट जोडून देतो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे: ब्रिटनमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फसवून पैसे पाठवायला लावले, तर बँकेने ते परत द्यायचे, ८५ हजार पौंडांपर्यंत. पाठवणारी आणि घेणारी बँक निम्मा-निम्मा भार उचलतात. मात्र बँक दर दाव्यामागे १०० पौंडांपर्यंत रक्कम कापू शकते. आमचे १९० गेले होते, ९० परत आले. छोट्या रकमांचे हे ठग असे धंदा करतात की तक्रार करून हाती फारसं येऊ नये. तरीही तक्रार करा. बँकेने आम्हाला नाव जुळत नसल्याच्या इशाऱ्याबद्दल विचारलंच. तेव्हा त्याच्या माहेरच्या नावाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट कामी आला, म्हणून चॅट पुसून टाकू नका. अ‍ॅक्शन फ्रॉड या फसवणुकीची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय सेवेकडेही ०३०० १२३ २०४० वर नोंद केली; तिचं नाव आता 'रिपोर्ट फ्रॉड' झालंय, नंबर तोच आहे. स्कॉटलंडमध्ये असाल तर पोलिसांना १०१ वर कळवायचं.

मी ग्रुपवर सांगितल्यावर आणखी तीन घरांचे मेसेज आले, तेही ग्रुपवर नाही, मला एकटीला. एका जोडप्याने पेपॅलवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून पैसे पाठवले होते. त्याला पेपॅलचं खरेदीचं संरक्षण नसतं. एका घरातल्या सासऱ्यांनी, मुलाला खर्च नको म्हणून, भारतातूनच यूपीआयने भरले होते. ब्रिटनचा तो परतफेडीचा नियम परदेशातून आलेल्या पैशांना लागू नाही. त्यांना भारतात १९३० वर तक्रार करायला सांगितलंय, आणि तिथे एकेक तास महत्त्वाचा असतो. तिघांनीही एकच वाक्य लिहिलं: "कुणाला सांगू नका हं, बरं दिसत नाही." लाज वाटायची ती त्याला वाटायला हवी. आपण गप्प राहतो म्हणून तो पुढच्या ग्रुपवर जातो.

ऑस्बर्नचं तिकीट ते सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या स्वतःच्या साइटवर मिळतं, आधी काढलं तर दारापेक्षा स्वस्तही पडतं. पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. भारतातून आलेल्यांसाठी त्यांचा ओव्हरसीज व्हिजिटर पास असतो, अशा आणखी जागा बघायच्या असतील तर तो बघा. त्यांचं सभासदत्व नावावर असतं, दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. तेव्हा "माझ्या कार्डावर जा" म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. फेरी स्वतः आरक्षित करा, स्वतःच्या कार्डाने. कार्डाने भरलं असेल तर निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो. आणि क्यूआर कोड खरा दिसतो म्हणून निर्धास्त होऊ नका, आमचाही खराच होता.

त्या सोमवारचं दोन मोठे, दोन ज्येष्ठ, दोन मुलं असं तिकीट कुणी अशाच मेसेजवरून घेतलं असेल, आत जाऊन आला असाल तरी, चॅट आणि पैसे पाठवल्याची नोंद घेऊन बँकेला फोन करा. पैसे पाठवल्यापासून १३ महिन्यांपर्यंत दावा करता येतो. खातं सगळ्यांना एकच दिलंय का, हे जुळवून बघायचं असेल तर मला कळवा. आम्ही चार घरांनी आपापले तपशील एकत्र करून ठेवलेत.