सीआयडी पुन्हा लागली राजेहो, पण ती एका रात्रीची केस कुठं गेली?

२१ डिसेंबर २०२४ ला सोनीवर सीआयडी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी हरभऱ्याच्या ओलितावर होतो, आमच्याकडं दारव्हा तालुक्यात त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती, त्यामुळं मोटर चालू करून बांधावर शेकोटी पेटवली आणि मोबाईलवर लावली. सहा वर्षं वाट पाहिली होती. २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाली तेव्हा घरात कोणी गेल्यासारखं वाटलं होतं, खरं सांगतो. ती धून वाजली, एसीपी प्रद्युमनची ती फिरणारी बोटं दिसली, आणि थंडीत एकट्याला डोळ्यात पाणी आलं.

आमच्या गावात सीआयडी म्हणजे नुसती सिरियल नव्हती. १९९८ ला सुरू झाली तेव्हा गावात केबल एकाच घरी, ते म्हणजे आमचे मोठे बाबा. शुक्रवारी रात्री दहाला त्यांच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं, बाया दाराआड, पोट्टे पुढं जमिनीवर. लोडशेडिंगमध्ये लाईन गेली की खुनी कोण यावर वाद सुरू, आणि लाईन आली की एपिसोड संपलेला. मग सोमवारी तालुक्याला जाणाऱ्या एसटीत कोणाला तरी विचारायचं, काय झालं रे शेवटी. पुढं फ्री डिशवर जुने एपिसोड दिवसभर लागायला लागले, ते पण तितक्याच जीवानं पाहिले.

आणि ते सगळे आपले वाटायचे. शिवाजी साटम आपला मराठी माणूस, बँकेत नोकरी करून नाटक करणारा. सीआयडी बनवणारे बी. पी. सिंग यांनी आधी मुंबई दूरदर्शनवर मराठीत एक शून्य शून्य ही पोलिसांची सिरियल केली होती, त्यात पण साटम होतेच, म्हणजे सीआयडीचं बी मराठीतच पेरलं होतं असं मी म्हणतो. सुरुवातीच्या टीममध्ये आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर होता हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, नव्या सीझनमध्ये ती जागा रिकामी आहे आणि ती मला दर एपिसोडला जाणवते. आणि नोव्हेंबर २००४ चा तो एपिसोड, १११ मिनिटं, एकाच शॉटमध्ये, कुठं कट नाही! आजही यूट्यूबवर पाहा, कॅमेरा माणसांच्या मागं मागं फिरतो, कोणी अडखळत नाही.

जुन्या सीआयडीची खरी ताकद म्हणजे एक बॉडी, एक जागा, पाच-सहा संशयित, आणि झोपायच्या आधी उत्तर. दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यापर्यंत लटकवून ठेवत नव्हते. फॉरेन्सिकचे डॉक्टर साळुंखे बॉडीजवळ वाकायचे आणि नखाखाली काय आहे, मानेवर कसला वळ आहे, बुटाला कुठली माती आहे, हे दाखवायचे. मेलेला माणूस पण साक्ष देते हे आमच्या गावाला या सिरियलनं शिकवलं.

हे मी उगाच म्हणत नाही. काही वर्षांआधी पोळ्यानंतर आमच्या शिवारात एका विहिरीत गावातला पोरगा सापडला. नाव घेत नाही, त्याची माय अजून आहे. सकाळी सकाळी चाळीस-पन्नास माणसं विहिरीवर, जो तो वाकून पाहत होता, एक जण काठावरच्या चपला उचलून घरच्यांना द्यायला निघाला. तेव्हा मोठे बाबा मागून ओरडले, "हात नोका लावू रे! चपला जिथं आहे तिथंच राहू द्या, पोलीस पाहतीन." आणि सगळे मागं सरकले, कोणी काऊन म्हणून विचारलं नाही. शिकलेला माणूस नाही तो, चौथी पास. वीस वर्षं सीआयडीतल्या इन्स्पेक्टर दयाला आणि अभिजीतला पाहून त्याला ते कळत होतं. चपला नीट जोडीनं ठेवल्या होत्या, आणि एका चपलेत मोबाईल, वर रुमाल झाकलेला. जमादारानं ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या पंचनाम्यात मी पंच होतो. विहिरीची रुंदी किती फूट, पाणी किती खाली, अंगावर कपडे कोणते, खिशात काय, कुठं जखम आहे की नाही, सगळं मोजून, कार्बन ठेवून लिहिल्या गेलं, अडीच तास लागले. मग खाटेवर बांधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ग्रामीण रुग्णालयात. तिथं पोस्टमॉर्टेममध्ये काढलेला व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, बाटल्यांमध्ये सील होऊन मोठ्या शहरातल्या लॅबला गेला, आणि मग वाट. आठ महिने. त्याची माय दर बाजाराच्या दिवशी पोलीस पाटलाच्या दारात यायची आणि एकच विचारायची, "आला का बाप्पा रिपोर्ट?" रिपोर्टशिवाय पाण्यात पडला, काही प्याला की कोणी ढकलला हे पक्कं होत नाही, विम्याचा कागद पुढं सरकत नाही, आणि गावाची कुजबुज पण थांबत नाही.

आता हे पाहिल्यावर साळुंखे साहेब चहा थंड व्हायच्या आत रिपोर्ट देतात तेव्हा मला राग येत नाही, एका तासात केस संपवायची आहे, चालते. पण इतक्या वर्षांत, दीड हजाराच्या वर एपिसोडमध्ये, मला त्या मायसारखी वाट पाहणारी बाई दिसली नाही, आणि सही करणारा पंच पण दिसला नाही. शेवटी थापड बसली की गुन्हेगार घडाघडा बोलते, पण पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा धरल्या जात नाही. हे सिरियलनं एकदा तरी सांगायला पाहिजे होतं, कारण गावात लोकांना खरंच वाटते की कबूल केलं म्हणजे केस संपली.

म्हणून नव्या सीझनकडून माझी मोठी अपेक्षा होती. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जाऊन पुरावा गोळा करायचा असं त्यात लिहिलं आहे, राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. केवढा विषय हातात होता! एखाद्या तालुक्याच्या गावात केस, तिथं पोहोचणारी व्हॅन, तुडवून टाकलेली जागा, आणि साळुंखे साहेब स्वतः चिखलात उतरलेले. त्याऐवजी काय दिलं, तर दया आणि अभिजीत एकमेकांच्या जिवावर, बार्बोझा नावाचा मोठा व्हिलन, बॉम्ब, आणि एप्रिल २०२५ मध्ये चक्क एसीपी प्रद्युमनला मारून टाकलं, जागेवर पार्थ समथानचा नवा एसीपी आयुष्मान. पुढं प्रद्युमनला परत पण आणलं. तिग्मांशू धुलियानं बार्बोझा दमदार केला आहे, त्यात वाद नाही, पार्थनं पण मेहनत केली. पण गोष्ट एपिसोडमागून एपिसोड लांबत जाते आणि बॉडीजवळ वाकणारं कोणी उरत नाही. दया-अभिजीतची दोस्ती ज्यांनी वीस वर्षं पाहिली त्यांना त्या दोघांना एकमेकांवर बंदूक ताणताना पाहून मजा येईल हे कोणी ठरवलं? मोठे बाबा तर तेव्हा टीव्हीसमोरून उठून गेले.

कॅमेरा, लाईट, आवाज नव्या सीझनचा भारी आहे हे मान्य. मधे मधे एका दिवसात संपणाऱ्या केस पण येतात आणि त्या दिवशी जुनी सीआयडी परत आल्यासारखी वाटते, साटम सत्तरी ओलांडून पुढं गेले पण संशयिताकडं पाहायची नजर तीच आहे. म्हणून मी सोडली नाही. जुन्याला पाचपैकी साडेचार, नव्याला अडीच. आधी कधीच पाहिली नसेल तर नव्यापासून सुरू नका करू, यूट्यूबवर सोनीनं जुने पूर्ण एपिसोड टाकून ठेवले आहेत, २००४ च्या आसपासचे काढा आणि घरच्यांना घेऊन बसा.

मोठे बाबा आता तेच पाहतात. जागलीला माळ्यावर मोबाईल तुराटीला टेकवून, आवाज पूर्ण, म्हणजे रानडुकरं पण दूर राहतात. परवा मी डबा घेऊन गेलो तर मधेच व्हिडिओ थांबवून मला म्हणाले, "हे पाय, याच्या चपलीले माती नाई. हा चालत नाई आला." एपिसोड पुढं गेला आणि खरंच, त्याला गाडीतून आणून टाकलं होतं.