फक्त प्लॅन विकत घेतला: मढई, पचमढी, पेंच, सात माणसं आणि एक एर्टिगा

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी सेवा काय आहे ते सांगते, कारण मी घरी सांगितलं तेव्हा कोणाला कळलंच नाही. आमच्या इंदूरमध्ये एक पोरगा फक्त ट्रिपचा प्लॅन करून देतो. गाडी तुमची, ड्रायव्हर तुम्ही, हॉटेलचे पैसे तुम्ही परस्पर भरायचे, सफारीही तुमच्याच नावाने तुम्हीच बुक करायची, तो फक्त कुठे, कधी, कोणत्या रस्त्याने आणि कशाच्या आधी काय बुक करायचं ते सांगणार आणि त्याचे पैसे घेणार. नवरा म्हणाला, सांगायचे पैसे? ते तर आपल्याकडे लोक फुकट सांगतात, न विचारता सांगतात. बरोबर आहे, पण फुकट सांगणाऱ्या प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं आणि भाऊजींनी तर वहीत चार पार्कं लिहून वर्तुळ पण काढून ठेवलं होतं. फी दोन हजारांच्या आतच होती. पोराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एकटा धंदा करतो, आणि खाली थोडी तक्रारही आहे.

आमचा विचार असा होता की भाऊबीज झाली की निघायचं, सातपुड्यातली पार्कं करायची, मढई (म्हणजे सातपुडा टायगर रिझर्व्हचं गेट), पचमढी, पेंच आणि मग कान्हा, आणि पोरांची शाळा सुरू व्हायच्या आत घरी. त्याने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं गाडीत ओकतं कोण, गुडघे कोणाचे दुखतात, उपास कोणाचे आहेत, आणि रात्री घाटात गाडी चालवायची सवय आहे का. मला हे आवडलं. तोपर्यंत बाकी सगळ्यांनी फक्त बजेट विचारलं होतं. आणि मग म्हणाला, काकू, कान्हा काढून टाका.

भाऊजी चिडले. कान्हा म्हणजे बारासिंगा, कान्हा म्हणजे सालाचं जंगल, एवढं जाऊन कान्हा नाही म्हणजे काय! पण त्याने सरळ हिशोब मांडला. कान्हा पडतं मैकलच्या डोंगरात, मंडला-बालाघाटकडे, म्हणजे आपल्यापासून अगदी दुसऱ्या टोकाला. जबलपूर-भोपाळ करत घरी यायचं तर सहाशे किलोमीटरच्या वर ड्रायव्हिंग, तेही ट्रिपच्या शेवटी, सगळे दमलेले असताना. वर दोन सफारी तरी केल्याशिवाय कान्ह्याला जाण्यात अर्थ नाही आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या चांगल्या सफारी केव्हाच भरून जातात. तो म्हणे, कान्हा फेब्रुवारीत वेगळं करा, जबलपूरपर्यंत ट्रेनने जा. खरं सांगू, मी पैसे दिले ते या एका वाक्याचे. वाढवून द्यायला सगळेच तयार असतात, कापायची हिंमत कोणी करत नाही, आणि ज्याला हॉटेलातून कमिशन हवंय तो तर मुळीच कापणार नाही.

दुसरं त्याचं बरोबर काम म्हणजे क्रम. आपण आधी हॉटेल बघतो, मग रस्ता, आणि सफारी तिथे गेल्यावर बघू म्हणतो. त्याने उलटं करायला लावलं. मध्य प्रदेशातल्या पार्कांचा कोअर एरिया, म्हणजे आतलं मुख्य जंगल, पावसाळ्यात बंद असतो, 1 ऑक्टोबरला उघडतो, आणि दर बुधवारी दुपारची सफारी नसते. ही बुधवारची गोष्ट फुकट सांगणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हती. त्याने बुधवार दुपार बरोब्बर मढईहून पचमढीला जायच्या प्रवासात टाकली, म्हणजे काही बुडालंच नाही. आधी सफारीच्या तारखा बुक करायला लावल्या, त्या पक्क्या झाल्यावर हॉटेलं, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. ज्याच्या ओळखपत्राचा नंबर बुकिंगमध्ये टाकाल तेच मूळ कार्ड गेटवर लागेल, फोनमधला फोटो चालवतील या भरवशावर राहू नका, हे तर त्याने इतक्यांदा सांगितलं की जाऊबाई त्याला आधारकार्ड म्हणायला लागली.

आता सात माणसांची भानगड. जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपमध्ये, प्रवासी बसतात सहा. आम्ही चौघं, भाऊजी-जाऊ आणि आई, झाले सात. दोन जिप्स्या म्हणजे दुप्पट खर्च. त्याने काय केलं, मढईच्या सकाळच्या सफारीतून आईंचं नाव काढलं आणि दुपारी त्यांच्यासाठी बोट लिहिली. हे त्याने मला सांगितलं, मी नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्याने आईंना सांगायचं कोणी यावर विषय सोडून दिला. शेवटी कळलंच त्यांना. "मला न विचारता माझं नाव कापलं? तो कोण टिकोजीराव?" त्यानंतर पोराने स्वतः फोन करून आजी, पहाटे उघड्या जीपमध्ये फार गारठा असतो, खड्ड्यात कंबर जाईल, असं समजावलं. आई हो म्हणाल्या, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

निघालो पहाटे. नेमावरला नर्मदा ओलांडायच्या आधी थांबायला लिहिलं होतं, सिद्धेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे आणि नर्मदेचं नाभिस्थान मानतात, आई तिथेच खूश झाल्या. मग हरदा, इटारसी, सोहागपूर आणि तिथून आत मढई. एर्टिगात सात माणसं बसली की डिकी उरतच नाही, म्हणून टपावर कॅरियर लावून घ्या हेही त्याच्याच लिस्टमध्ये होतं. खाण्याचं मात्र त्याने काहीच लिहिलेलं नव्हतं. इंदूरच्या माणसाला प्लॅन देताय आणि कुठे काय खायचं ते नाही? आमच्याकडे फराळाचा डबा, दशम्या आणि लसणाची शेव होती म्हणून निभावलं, आईंच्या चतुर्थीला साबुदाणा घरून नेला होता तो हॉटेलच्या किचनमध्ये मीच परतून दिला.

मढई मात्र एक नंबर. देनवा नदी तिथे तवा धरणाच्या पाण्यामुळे चांगली रुंद झालीये, गेट या काठाला आणि जंगल त्या काठाला, म्हणजे पहाटे धुक्यात आधी बोटीने पलीकडे जायचं आणि तिथे उभ्या असलेल्या जिप्सीत बसायचं. पोरांना ही बोटच सफारीपेक्षा भारी वाटली. आत गेल्यावर गवे दिसले, कळपच्या कळप, एक तर रस्त्याच्या कडेला इतका जवळ होता की पायांचे पांढरे मोजे आणि नाकपुडीतून निघणारी वाफ दिसत होती आणि ड्रायव्हरने इंजिन बंद करून हाताने गप्प राहा असं केलं. धाकटी श्वास धरून बसली होती, नंतर उचकी लागली तिला. शेकरू पण दिसलं, तांबडं-काळं, शेपूट हे एवढं लांब. महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे एमपीत आरामात राहून राहिलाय, अगदी आमच्यासारखा, असं भाऊजी म्हणाले.

आणि दुपारी आईंची बोट. काठावर ऊन खात पडलेली मगर, लांब पाण्यात सुरखाबची जोडी, आणि नावाडी गप्पिष्ट निघाला, त्याने धरणाच्या आधी इथे काय काय होतं ते सगळं ऐकवलं. परत आल्या तर आमच्यापेक्षा जास्त गोष्टी त्यांच्याकडे होत्या. रात्री म्हणाल्या, त्या मुलाला सांग, ठीक होतं. आईंकडून "ठीक होतं" म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये.

पचमढीबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांचं झालेलं असतं. फक्त दोन गोष्टी. धूपगड, बी फॉल वगैरे जंगलखात्याच्या हद्दीतल्या पॉइंटना तुमची स्वतःची गाडी जात नाही, बायसन लॉजला परमिट काढून तिथली नोंदलेली जिप्सी घ्यावी लागते, तर तो खर्च आधीच धरा (त्याने धरला होता, शाब्बास). आणि धूपगड सुमारे साडेतेराशे मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, तिथे सूर्यास्ताला जत्रा असते, सूर्योदयाला जा. त्याने सूर्योदयच लिहिला होता. पावसाळा नुकताच सरलेला म्हणून धबधब्यांना पाणी होतं आणि डोंगर हिरवे होते, मे महिन्यात गेलेल्यांना ही पचमढी दिसत नाही.

इथेच पाचवा स्टार गेला. गुडघ्यांचं त्याने स्वतः विचारलं होतं ना, मी सांगितलं होतं ना, तरी जे हॉटेल सुचवलं ते टेकडीवर आणि खोल्या वरच्या अंगाला, रिसेप्शनपासून उंच उंच दगडी पायऱ्या, कठडा नाही. आईंना दोघांनी धरून वर नेलं आणि नंतर जेवायला त्या खाली आल्याच नाहीत, ताट वर नेलं. खालची खोली मागितली तर दिवाळीची गर्दी, रिकामी नाही. हॉटेल तसं स्वच्छ होतं, माणसं चांगली होती, पण मला तेव्हापासून शंका आहे की या पोराने ती जागा स्वतः पाहिलेली नाही, फोटो बघून यादीत टाकलीये.

दुसरी तक्रार रस्त्याची. पचमढीहून पेंचला जाताना मटकुली, तामिया, छिंदवाडा, सिवनी असा रस्ता दिला, सुंदर आहे, वळणावळणाचा आहे, पण त्याने वेळ लिहिली ती मॅपवरची. मॅपला काय माहीत की थोरला तिसऱ्या वळणाला पिशवी मागतो. वर त्याच दिवसात पाताळकोट. आता पाताळकोट म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी, आत भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं, रातेडच्या पॉइंटवरून खाली बघितलं की शेतं आणि घरं काड्यापेटीएवढी दिसतात. तिथे पाच मिनिटं थांबून निघा असं कोणाला सांगता येईल का? आम्ही रमलो, आणि मग सिवनीच्या पुढे अंधार पडला, रस्त्यावर चितळं, नवरा वीसच्या स्पीडने गाडी चालवतोय आणि मागे सगळे चिडीचूप. हा दिवस दोन दिवसांत तोडून तामियाला मुक्काम टाकायला हवा होता. कान्हा कापणाऱ्या माणसाला हे सुचू नये याचं आश्चर्य वाटलं.

पेंचला तुरिया गेट घेतलं. वाघ नाही दिसला. पण याबद्दल मी त्याला दोष देणार नाही, उलट मार्क देईन, कारण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की दिवाळीच्या सुमाराला गवत माणसाच्या कमरेला लागतं, पाणी सगळीकडे असतं, जनावरं पांगलेली असतात, वाघच बघायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये भाजून निघायची तयारी ठेवून या. आम्ही पोरांनाही तसंच सांगून नेलं होतं म्हणून रडारड झाली नाही. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे दिसले, पाच-सहा, रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, गाइड म्हणाला वाघापेक्षा हे दिसायला नशीब लागतं. गाइड असं प्रत्येकालाच म्हणत असेल, पण पोरांनी ते शाळेत जसंच्या तसं सांगितलंय.

परतीला नागपूर. पेंचहून नागपूरला जाणाऱ्या 44 नंबर हायवेवर जंगलाच्या पट्ट्यात गाड्या वरून आणि जनावरं खालून जातील असे मोठे पूल बांधलेत, ते नक्की बघा, म्हणजे वरून काही दिसत नाही, पण पोरांना समजावून सांगायला चांगलं आहे. नागपुरात आत्याकडे मुक्काम, मग मुलताईला तापीच्या उगमावर हात-पाय धुऊन बैतूल, हरदा, घर. हा 47 नंबरचा रस्ता थेट इंदूरपर्यंत येतो, तेव्हा परत जबलपूर-भोपाळचा फेरा नको हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

पीडीएफबद्दल एक. रंगीत, पानोपानी फोटो, कुठल्यातरी स्वित्झर्लंडसारख्या डोंगराचा फोटो कव्हरवर. कोणी उघडली नाही. कामाला आलं ते त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं एक पान, तारीख, गेट, वेळ, हॉटेलचा फोन. ते मी प्रिंट काढून डॅशबोर्डला चिकटवलं होतं, कारण मढई आणि तामियाकडे नेटवर्क येतं-जातं.

घ्यायची का ही सेवा? दोघंच जाणार असाल, एकच पार्क असेल, तर कशाला, साइटवर बसून सफारी बुक करा आणि निघा. पण म्हातारी माणसं, पोरं, दोन कुटुंबं आणि एकापेक्षा जास्त पार्क असेल तर घ्या, फक्त प्लॅन हातात आल्यावर प्रत्येक दिवसाच्या गाडीच्या वेळेत दीड-दोन तास स्वतः वाढवा, आणि हॉटेल तो म्हणेल ते आंधळेपणाने घेऊ नका, फोन करून विचारा की खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का.

पायऱ्यांचं मी त्याला कळवलं. सॉरी काकू म्हणाला, आणि फेब्रुवारीच्या कान्ह्याचा प्लॅन अर्ध्या पैशात करून देतो म्हणतोय. भाऊजींनी लगेच होकार दिलाय, आईंनी विचारलंय जिप्सीत यावेळी कोणाचं नाव कापणार.